समईवरचा फोन

रायर सर संध्याकाळी झोपाळ्यावरून किती लवकर उठतात, यावरून त्यांचा त्या दिवशीचा वर्ग कसा झाला असेल हे त्यांच्या पत्नीला स्वयंपाकघरातूनच कळायचं. शाळेतून आले, हातपाय धुतले, कपाळाला गंध लावलं की सर झोपाळ्यावर बसत, समोरच्या स्टुलावर फोन उभा करत आणि त्या दिवशी स्वतः घेतलेल्या तासाचा व्हिडिओ लावत. थोड्याच वेळात झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत, की समजायचं, सर उठले. कधी त्यांना कॉफी हवी असे, कधी दारात कुणी हाक मारल्यासारखं वाटे, कधी मागच्या अंगणातला नळ ठिबकतोय की काय अशी शंका येई. वहिनी फोडणी परतता परतता मला सांगत, "आज काफीलाच उठले. क्लास बरा झाला नाहीं वाटतें." नळापर्यंत तग धरला तर दिवस चांगला गेला असं समजायचं.

मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि त्यांच्याच शाळेत इंग्रजी शिकवायची. नवऱ्याची बँकेतली बदली कुंभकोणमला झाली तेव्हा मी सांगलीहून निघताना चांगली रडले होते. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. घर शोधायला गेलो, तर दारात उभ्या असलेल्या एका उंच, सडपातळ गृहस्थांनी मला मराठीतून विचारलं, "तुम्ही कोण्या गांवचे? यावा, आंत यावा. बाहेर कां उभे?" मला वाटलं, कुठल्या तरी ऐतिहासिक नाटकाची तालीम चालू आहे आणि मी चुकून रंगमंचावर आले. पुढे कळलं की त्यांच्या घरात गेली कित्येक पिढ्या हीच मराठी बोलतात. मराठ्यांच्या राज्याबरोबर पूर्वज इकडे आले आणि येताना जी भाषा आणली ती तशीच वापरत राहिले. मधूनमधून तमिळ शब्द भरले, एवढाच फरक. त्यांना माझी मराठी अजिबात पटत नसे. "बाई, तुम्ही फार धांवतां," ते म्हणत. "आणि मध्येंमध्यें हिंदी कसाला?"

गावात अशा मराठी घरांना सगळे सरसकट 'रायर' म्हणतात, म्हणून शाळेत ते रायर सार. आठवीला विज्ञान शिकवत. आणि काय शिकवत! मी पहिल्यांदा त्यांच्या वर्गावरून गेले तेव्हा आत भजन चालू आहे असं वाटलं होतं, आणि तो समज फारसा चुकीचा नव्हता. दर एकादशीला सर गावातल्या विठ्ठलाच्या मंदिरात भजनाला बसत. मुख्य गाणारे तेच. ते ओळ सोडत आणि मागचे सगळे ती झेलत. वर्गातही तसंच. सर वाक्य म्हणत, शेवटचा शब्द हवेत सोडून देत, आणि पन्नासएक पोरं एका दमात तो पूर्ण करत.

"पाण्याची वाफ होताना पाणी उष्णता..."

"घेतं!"

"वाफेचं पाणी होताना वाफ उष्णता..."

"देते!"

"सबाश!" सर टेबलावर थाप मारत आणि पुढची ओळ सोडत. हे सगळं अर्थातच तमिळमधून, पण तमिळमध्येही क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ठेका असाच बसायचा. शेजारच्या वर्गातली मुलं आपला धडा सोडून कान इकडे लावत. आमचा शिपाई घंटा द्यायला आला की दारात रेंगाळायचा आणि त्यामुळे विज्ञानाचा तास नेहमी थोडा लांबायचा. माझ्या वर्गात मात्र भर दुपारी व्याकरण चालू असलं की निम्म्या माना कलंडलेल्या असत, तेव्हा मला त्या माणसाचा मत्सर वाटे. तो मी लपवतही नसे.

व्हिडिओचं खूळ आलं ते एका प्रशिक्षणातून. आम्हा सगळ्यांना एक दिवस तंजावरला बोलावलं होतं. तिथल्या एका तरुण मार्गदर्शकानं सांगितलं की शिक्षकानं आपलाच तास फोनवर चित्रित करावा आणि घरी जाऊन शांतपणे पाहावा, आपल्या चुका आपल्यालाच दिसतात. आम्ही माना डोलावल्या, वडे खाल्ले, आणि परत आल्यावर नियमापुरतं एकदा करून टाकलं. मी माझा व्हिडिओ पाहिला आणि मला शोध लागला की मी सगळा तास खिडकीकडच्या मुलांनाच शिकवते. भिंतीकडची मुलं माझ्या लेखी जन्मालाच आलेली नव्हती. असला शोध वर्षाला एक पुरे, असं ठरवून मी फोन पर्समध्ये ठेवला. रायर सरांनी मात्र ते जे मनावर घेतलं, ते घेतलंच. रोजचा एक तास, सुट्टी सोडून.

फोन ठेवायला त्यांना स्टँड हवा होता. बाजारातला हलका, तीन पायांचा स्टँड त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि "हें वाऱ्यानें पडतें" म्हणून परत केला. मग एका ओळखीच्या पितळकामवाल्याकडून त्यांनी एक अर्धी समई आणली. खालची बैठक आणि दांडा शाबूत, वरची तेलाची वाटी आणि मोर ओतताना बिघडलेले. त्या दांड्याच्या टोकाला त्यांनी मोटारसायकलवर फोन बसवायचा चिमटा आवळला. कंबरेइतकी उंच ती वजनदार वस्तू ते रोज खांद्यावर घेऊन वर्गात येत आणि मागच्या भिंतीशी ठेवत. पहिल्या दिवशी समई पाहून दोन मुलींनी चपला दाराबाहेर काढल्या. आयुधपूजेला तर कहरच झाला. त्या दिवशी इथे ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा होते, म्हणून मुलांनी समईला चंदन लावलं, झेंडूची माळ घातली आणि भक्तिभावानं फोनच्या बरोबर डोळ्यावर कुंकू टेकवलं. पुढच्या दिवशीचा अख्खा तास लालभडक आला. सर तो पाहायला बसले आणि लगेच उठले. "आज तर काफीही उकळली नव्हती," वहिनी म्हणाल्या.

मुलांच्या पालकांची परवानगी त्यांनी रीतसर घेतली होती आणि एक नियम स्वतःला घालून घेतला होता. व्हिडिओ कुणाला दाखवायचा नाही, पाहून झाला की पुसायचा. "फळा आपण ठेवतों कां? तसेंच हें," ते म्हणायचे. मला एकटीला मात्र झोपाळ्याशेजारच्या खुर्चीवर बसायची मुभा होती, कारण मी मराठी होते, भाडेकरू होते आणि वहिनींच्या अडईला, म्हणजे डाळतांदळाच्या जाड डोशाला, नाही म्हणत नव्हते.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "सर, रोज पाहता, रोज उठता. मग कशाला हा जाच?"

त्यांनी फार गंभीरपणे उत्तर दिलं. "बाई, मला रिटायर व्हावयास दोन वर्षें आहेत. त्याच्या आंत एक क्लास मला असा घ्यावयाचा आहे, जो मी मुळापासून शेवटपर्यंत येथें बसून पाहीन. मध्यें न उठतां. एकच पुरे."

"पण उठता का? एवढं काय वाईट असतं त्यात?"

"कळत नाहीं," ते म्हणाले. "तेंच तर. कांहींतरी आहे. पाहवत नाहीं."

मला ते नाटकी वाटलं. सगळं गाव ज्याच्या तासाचं कौतुक करतं, त्यानं असं बोलावं म्हणजे कौतुकाची दुसरी पंगत मागण्यासारखं. मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले आणि नळ बघायला गेले.

मग पुढच्या शालेय वर्षात तो पाहुण्यांचा दिवस आला. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे एच. एम. म्हणत, फार करारी बाई. शाळेचं नाव व्हावं यासाठी त्या जिवाचं रान करत. इतर शाळांचे काही शिक्षक आणि शिक्षणखात्यातले दोघे वर्ग पाहायला येणार होते. त्यांना दाखवायचं काय, याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. रायर सार! वर्गात मागे खुर्च्या मांडल्या, मलाही सोबतीला बसवलं. समई खुर्च्यांच्या मधोमध उभी होती, त्यामुळे पाहुण्यांच्या रांगेत तीही कुणी बडी असामी वाटत होती.

सरांनी कमाल केली. गरम पाण्याचं पातेलं आणलं, त्यावर थाळी धरली, थाळीच्या पोटाला जमलेले थेंब सगळ्यांना फिरवून दाखवले, आणि नेहमीसारखा ठेका धरला. पोरं अशी काही गर्जत होती की खिडकीतली कबुतरं उडाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खात्यातल्या एका गृहस्थांनी उभं राहून सांगितलं की असा जिवंत वर्ग आपण बऱ्याच दिवसांत पाहिला नाही, आणि याचा व्हिडिओ असेल तर तो इतर शाळांना पाठवावा. एच. एम. मॅडमचा चेहरा इतका उजळला की मीही त्यांच्याकडे पाहून हसले.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम खुर्ची ओढून बसले. आज उठतात कसे, बघतेच, असं माझ्या मनात होतं. व्हिडिओ सुरू झाला. पातेलं, थाळी, थेंब. आणि सरांनी झटकन बोट टेकवून फोन थांबवला. मागे नेला. पुन्हा लावला. पुन्हा मागे नेला.

"ऐका," ते म्हणाले.

मी ऐकलं. फोनमधले सर म्हणत होते, "वाफेचं पाणी होताना वाफ उष्णता..." आणि मुलं गर्जली, "घेते!" फोनमधल्या सरांनी टेबलावर थाप मारली. "सबाश! आणि पाण्याची वाफ होताना पाणी उष्णता..." "देतं!" "सबाश!"

विज्ञानाचं माझं ज्ञान यथातथाच, पण एव्हाना तमिळ कळू लागलं होतं आणि रोज खिडकीतून ऐकून तेवढं मला पाठ झालं होतं. उलटं झालं होतं सगळं. रोज पहिली ओळ पाण्याची असे. आज थाळीवरचे थेंब हातात असल्यामुळे सरांनी वाफेपासून सुरुवात केली. मुलांना मात्र पहिल्या ओळीला 'घेणं' आणि दुसरीला 'देणं' एवढंच ठाऊक होतं. पन्नास पोरं एका सुरात चुकली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

"मुलांचें सोडा," सर म्हणाले. "मी सबाश म्हटलें, बाई. दोनदां. मला चूक ऐकूंच आली नाहीं. ताल बरोबर पडला, म्हणून मी खूष. देवळांत मागच्यांनी ओळ झेलली की पुरे असतें. तेथें कोणी समजलें की नाहीं, तें तो विठ्ठल पाहून घेतो. येथें कोण पाहील?"

मग त्यांनी आवाज बंद करून व्हिडिओ पुन्हा लावला. आवाज गेल्यावर मलाही वेगळंच दिसायला लागलं. मागून माना हलताना दिसत होत्या, पण सगळ्यांच्या एकदम नाही. पुढच्या चार-पाच मुलांच्या आधी हलत, बाकीच्यांच्या त्यांच्या मागून. भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. ती मान वळवून शेजारणीच्या तोंडाकडे बघायची आणि मग आपलं तोंड उघडायची. तिरुनागेश्वरम्‌हून बसनं येणारी ही मुलगी. तिची आई बाजारात विड्याची पानं विकायची. मी तिला इंग्रजी शिकवत होते आणि मला तिचा आवाज कसा आहे हे माहीत नव्हतं.

"ही सगळें वर्ष असेंच करते आहे," सर म्हणाले. "आणि मी हिला सबाश म्हणत आहें."

त्या दिवशी ते कॉफीला उठले नाहीत, नळालाही नाही. व्हिडिओ पुसला आणि तसेच बसून राहिले. वहिनींनी आतून विचारलं तेव्हा म्हणाले, "नोको. आज कांहीं नोको."

दुसऱ्या दिवशी एच. एम. मॅडमनी व्हिडिओ मागितला आणि सरांनी तो पुसल्याचं सांगितलं. केबिनमधून काय काय आवाज आले ते अख्ख्या स्टाफरूमनं ऐकलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सार, निवृत्तीला एवढे थोडे दिवस उरलेत. चांगलं चाललंय ते चालू द्या ना!" सर बाहेर आले, समई खांद्यावर घेतली आणि वर्गावर गेले. आठवीला त्यांनी सांगितलं की काल आपण सगळे चुकलो, आणि सगळ्यात आधी मी चुकलो. आता कोरस बंद. मुलांना वाटलं, त्यांना शिक्षा झाली.

कोरस बंद करणं बोलायला सोपं. सरांच्या जिभेला वाक्य अर्धवट सोडायची सवय आणि मुलांना ते झेलायची. प्रश्न विचारून गप्प बसायचं त्यांनी ठरवलं, पण गप्प बसणं त्या माणसाच्या घराण्यातच नव्हतं. व्हिडिओत स्पष्ट दिसायचं, प्रश्न विचारला की सरांचा उजवा हात मांडीवर ताल धरतो आणि दुसरा ठोका पडायच्या आत उत्तर त्यांच्याच तोंडून बाहेर येतं. यावर त्यांनी काढलेला उपाय फक्त त्यांनाच सुचू शकतो. खिशात खडीसाखर ठेवायची. प्रश्न विचारला की एक खडा तोंडात टाकायचा आणि तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही.

पहिले काही दिवस वर्गात शोककळा पसरली होती. सर प्रश्न विचारत, खडा तोंडात टाकत आणि समोर बघत उभे राहत. मुलं त्यांच्या गालाकडे बघत. खडा या गालातून त्या गालात गेला की कुणाला तरी हसू फुटे. उत्तर काही येत नसे. शिपाई दारात थांबेनासा झाला. शेजारच्या वर्गांनी निःश्वास टाकून आपापले धडे सुरू केले. पालकांची कुजबुज एच. एम. मॅडमपर्यंत पोचली: रायर सार आता शिकवत नाहीत, नुसते चघळत उभे राहतात. घरी वहिनींच्या दृष्टीनं तर अनर्थच झाला, कारण सरांची शुगर वाढली. डॉक्टरांनी डोळे वटारले, वहिनींनी खडीसाखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. मग सरांनी वाळवलेला आवळा धरला. तो खडीसाखरेपेक्षा जास्त वेळ टिकायचा आणि तोंड असं काही व्हायचं की मुलांना दया येऊ लागली. मला वाटतं, सुरुवातीला एक-दोघं बोलली ती सरांची त्या आवळ्यातून सुटका व्हावी म्हणूनच.

संध्याकाळी ते अजूनही उठायचे. उलट आता लवकर उठायचे. पूर्वी निदान स्वतःचा आवाज ऐकायला त्यांना आवडत होतं, हे त्यांनीच एकदा कबूल केलं. आता व्हिडिओत ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही हातातलं सोनं टाकून दिलंत." त्यांना ते लागलं. एकादशीला ते भजनाला गेले आणि तिथे मन मोकळं करून गायले. परत आले तेव्हा चेहरा तरुण दिसत होता. "तेथें अजून सगळे झेलतात," ते म्हणाले आणि चपला काढता काढता थोडं हसले. मला त्या माणसाची खरंच काळजी वाटायला लागली. आयुष्यभर ज्यानं माणसं खिळवून ठेवली, तो शेवटच्या वर्षी चाळीस-पन्नास पोरांसमोर आवळा चघळत उभा राहणार आणि तसाच निवृत्त होणार, असं चित्र मला दिसत होतं.

हळूहळू एक बदल झाला, तो मला खिडकीतून ऐकू आला. 'सबाश' बंद झालं. त्या जागी सर 'अप्पुरम्?' म्हणू लागले. तमिळमध्ये त्याचा अर्थ 'मग? पुढे?' कुणी बरोबर बोललं तरी अप्पुरम्, चूक बोललं तरी अप्पुरम्. बरोबर की चूक, हे मुलांना त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना, कारण आवळ्यामुळे तो चेहरा सदासर्वकाळ आंबटच असे. त्यामुळे बोलणाऱ्याला आणखी बोलावं लागायचं. मी हा प्रयोग माझ्या वर्गात करून पाहिला, भिंतीकडच्या बाजूला, आवळ्याशिवाय. बरा चालला. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "फोन लाविला होता कां? नाहीं? मग तुम्हांस कसें कळलें बरा चालला म्हणून?"

निवृत्तीला महिनाभर उरला असेल. उन्हाळा चढत होता. त्या दिवशी माझा तास मोकळा होता, म्हणून मी आठवीच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिले. सरांनी विचारलं, "बाजारात पानवाल्या पानांवर ओलं फडकं का टाकतात?" आवळा तोंडात टाकला. गुडघे दुखत होते म्हणून यावेळी ते टेबलाशी उभे न राहता एका रिकाम्या बाकावर जाऊन बसले, मुलांच्यात.

बाहेर नारळ उतरवणाऱ्याचा आवाज येत होता. मग शेवटच्या बाकावरून तो आवाज आला, जो मी तोवर ऐकला नव्हता. जाडसर, थोडा घोगरा आवाज होता.

"पानांना तहान लागते, सार. म्हणून फडकं पाणी पाजतं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "अप्पुरम्?"

मुलगी गोंधळली. शेजारणीच्या तोंडाकडे तिनं बघितलं. पण शेजारणीला काही येत नव्हतं, ती हिच्याच तोंडाकडे बघत होती. "पण मग... बादलीत बुडवूनच ठेवली असती," ती म्हणाली. "बुडवली तर कुजतात. आई बुडवू देत नाही."

"अप्पुरम्?"

पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, फडकं गार असतं म्हणून. दुसरा म्हणाला, नळाचं पाणी उन्हाळ्यात कुठे गार असतं? तिसऱ्यानं सांगितलं की पाणी गरम असलं तरी फडकं वाऱ्यावर सुकायला लागलं की गार लागतं, अंघोळीनंतर अंगाला लागतं तसं. भांडण जुंपलं. मी दारात उभी राहून चक्क नखं खात होते. आणि मग त्या गलक्यात ती मुलगी उठून उभी राहिली, कुणी न सांगता.

"सार, फडकं सुकतं म्हणजे पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ती ते पानाकडून घेतं."

रोज गर्जून म्हटलेला तोच शब्द. कोरसमध्ये तो शेकडो वेळा माझ्या कानावरून गेला होता. आज तो एका मुलीनं एकटीनं उच्चारला, आपल्या आईच्या टोपलीवरून, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसायच्या आत घंटा झाली.

संध्याकाळी मी खुर्ची ओढून बसले. सरांनी हातपाय धुतले, गंध लावलं, फोन स्टुलावर उभा केला. व्हिडिओ सुरू झाला. सुरुवातीला सर दिसत होते, मग बाकावर जाऊन बसले तसे दिसेनासे झाले. कोपऱ्यात त्यांचं एक कोपर तेवढं होतं. पडदाभर मुलांच्या पाठी आणि बोलण्यासाठी वळलेले चेहरे. आयुष्यात पहिल्यांदाच सर आपल्याच व्हिडिओत नव्हते. झोपाळा हलत नव्हता. कड्या कुरकुरल्या नाहीत.

मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. उजवा हात मांडीवर होता, नुसता ठेवलेला.

स्वयंपाकघरात कॉफीचा वास सुटला, कपात ओतल्याचा आवाज झाला. कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं मागच्या अंगणात वहिनींनी नळ सोडला आणि बंद केला. मग त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहरा घाबरलेला होता.

"काय हो, काफी थंड झाली. अजून उठले नाहींत तें? अंगांत बरें नाहीं कां?" त्यांनी सरांच्या कपाळाला हात लावला.

सरांनी तो हात कपाळावरून काढून आपल्या हातात धरून ठेवला. डोळे फोनवरून हलले नाहीत.

"थांब गे," ते म्हणाले. "तें लेंकरूं अजून बोलत आहे."